ऑस्करची पहाट आणि फोडणीच्या वेळी हुकलेला पुरस्कार

पहाटपाळी

सोमवारी, १३ मार्च २०२३ला पहाटे पाच वाजता आमच्या हॉलमध्ये नऊ जण जमले होते. कोणी शाल पांघरून, कोणी टेकडीवर जायच्या बुटांतच. अमेरिकेत रविवारची रात्र, आपल्याकडे सोमवारची पहाट, साडेपाचला ९५वा ऑस्कर सोहळा सुरू.

आमच्या कंपूची ओळख पुण्यातल्या फिल्म इन्स्टिट्यूट आणि फिल्म अर्काइव्हच्या उन्हाळ्यातल्या रसास्वाद वर्गात झाली. महिनाभर सकाळपासून रात्रीपर्यंत सिनेमे बघितले, झाडाखाली बसून भांडलो, आणि वर्ग संपला तरी भांडणं संपेनात. त्या वर्षीपासून ऑस्करची पहाट एकत्र काढायचं ठरलं. आता दोघं निवृत्त झालेत, एकीची मुलगी कॉलेजात गेली, पण ही पहाट चुकत नाही.

नियम थोडे आहेत. आदल्या रात्री प्रत्येकाने २३ विभागांचे अंदाज चिठ्ठीवर लिहून आणायचे. चिठ्ठ्या स्टीलच्या डब्यात. मोबाइल चपलांच्या रॅकवर. कोणी बक्षीस घेऊन बोलत असेल तर आपण गप्प बसायचं, जाहिराती लागल्या की हवं तेवढं वाजवायचं. शेजारच्या काकू पहिल्या वर्षी आवाजाची तक्रार करायला आल्या होत्या. आता त्या स्वतःची खुर्ची घेऊन येतात.

या वर्षी मात्र माझ्या हातून एक गोष्ट चुकली. दोन दिवस ती मनातून जात नाहीये, म्हणून हा धागा.

आपल्याकडून तीन नामांकनं होती. 'ऑल दॅट ब्रीद्स' माहितीपटाच्या विभागात होता. दिल्लीच्या धुरकट आभाळातून खाली पडणाऱ्या घारींवर उपचार करणाऱ्या भावांची गोष्ट, दिग्दर्शक शौनक सेन. तो पुरस्कार 'नवाल्नी'ला गेला. आमच्यापैकी सहा जणांनी चिठ्ठीवर शौनक सेनचंच नाव लिहिलं होतं. अंदाज म्हणून कमी आणि इच्छा म्हणून जास्त. हॉलमध्ये बराच वेळ कोणी बोललं नाही.

मग मला वाटलं, आता मधले छोटे पुरस्कार आहेत, तेवढ्यात पोहे उरकून घेऊ. आम्ही चौघी आत गेलो. कांदा परतत होते, हिंग-मोहरीचा वास घरभर झाला होता, आणि बाहेरून ओरडा आला, "अगं या लवकर, आपल्याला मिळालं!" कालथा हातात तसाच घेऊन मी बाहेर आले. लघु माहितीपटाचा पुरस्कार 'द एलिफंट व्हिस्परर्स'ला मिळाला होता. दिग्दर्शिका कार्तिकी गोन्साल्विस यांचं बोलणं संपत आलं होतं. त्यांच्या शेजारी निर्मात्या गुनीत मोंगा. त्या माइककडे सरकल्या आणि वाद्यवृंद सुरू झाला. झालं, संपलं. दोघी आत गेल्या.

मला दिसलं ते एवढंच. बोलायला पुढे आलेली एक बाई आणि तिच्या बोलण्यावर चढलेलं संगीत. वेळ पाळायची म्हणून विजेत्यांना ४५ सेकंद देतात, हे आम्हाला माहीत आहे. तरी फार लागलं. तमिळनाडूतल्या मुदुमलाईच्या तेप्पकाडू हत्ती छावणीत आई हरवलेल्या रघू नावाच्या हत्तीच्या पिल्लाला बोम्मन आणि बेली या जोडप्याने वाढवलं, त्याची ही सुमारे ४० मिनिटांची फिल्म. ती मी दोनदा पाहिली होती. नामांकन आल्यावर सगळ्यांना आग्रहाने बघायला लावली होती. आणि तिच्या वेळेला मीच स्वयंपाकघरात! का, तर माझ्या डोक्यात तो 'मधला छोटा पुरस्कार' होता. त्या वाद्यवृंदाने जे केलं, तेच मी दहा मिनिटं आधी केलं होतं.

गेल्या वर्षी, २०२२ला, ऑस्कर देणाऱ्या अकादमीने आठ विभागांचे पुरस्कार थेट प्रक्षेपण सुरू होण्याआधीच देऊन टाकले आणि नंतर त्यांचे कापलेले तुकडे मध्ये मध्ये जोडले. संकलन, ध्वनी, पार्श्वसंगीत, रंगभूषा, कलादिग्दर्शन आणि तिन्ही लघुपट. तेव्हा याच हॉलमध्ये मी तावातावाने बोलले होते की हा सिनेमा बनवणाऱ्या माणसांचा अपमान आहे. यंदा सगळे २३ विभाग परत थेट आले. आणि मी पोहे करत होते.

तर विचारायचं हे की तुम्ही कसं बघता? तुमच्या लक्षात राहिलेला, फारशी चर्चा न झालेला पुरस्कार कोणता? सविस्तर लिहा.

---

एडिसननिवासी

ताई, वाचताना गलबलून आलं. इकडे न्यू जर्सीत आम्ही पाच मराठी कुटुंबं रविवारी रात्री जमतो. यंदा गंमत म्हणजे त्याच रविवारी घड्याळं एक तास पुढे गेली. त्यामुळे मध्यरात्री सोहळा संपला तेव्हा सगळ्यांचे डोळे मिटायला आले होते आणि सकाळी ऑफिस. पण आपल्या तिसऱ्या नामांकनासाठी, 'आरआरआर'मधल्या 'नाटू नाटू' गाण्यासाठी, कोणी जागचं हललं नाही.

राहुल सिप्लिगुंज आणि कालभैरव मंचावर तेलुगूत गात होते. इंग्रजी भाषांतर नाही, मुखडा बदललेला नाही. दीपिका पदुकोणने ओळख करून दिली तेव्हापासूनच टाळ्या. गाणं संपल्यावर अख्खं सभागृह उभं. माझे सासरे ८१ वर्षांचे आहेत, तेही खुर्चीतून उठले.

पण माझी मुलगी, वय १३, आठ वर्षांपासून भरतनाट्यम शिकते. ती म्हणाली, "बाबा, यांच्यात आपल्यासारखं दिसणारं कुणीच कसं नाही?" मी म्हटलं, गायक आहेत ना. ती म्हणाली, "नाचणारे." मी परत लावून बघितलं. तिचं बरोबर होतं. प्रमुख नर्तकांत दक्षिण आशियाई कोणी नव्हतं. इथे दर गावात मुली-मुलं भांगडा करतात, कुचिपुडी करतात, कॉलेजांच्या चुरशीच्या स्पर्धा होतात. नर्तक कमी नाहीत. मग इथल्या वर्तमानपत्रांतही तेच आलं, तेव्हा तिला बरं वाटलं की हे आपल्या एकटीलाच दिसलं नव्हतं.

गाण्याला पुरस्कार मिळाल्याचा आनंद कमी झाला नाही. संगीतकार कीरवाणींनी लहानपणापासून ऐकलेल्या कार्पेंटर्स या अमेरिकी बँडच्या चालीवर आपलं मनोगत गाऊन दाखवलं, तेव्हा आमच्याकडच्या दोन आज्या रडत होत्या. पण मुलीचं वाक्यही मी विसरणार नाही. दोन्ही एकाच रात्रीचं आहे.

---

रोखठोक_६२

धागा चांगला आहे, पण माझं मत वेगळं आहे आणि ते मांडतो.

ऑस्कर हे अमेरिकेतल्या चित्रपट व्यवसायाने स्वतःला दिलेले पुरस्कार आहेत. ते त्यांनी कसे द्यावेत, कोणाचं भाषण कापावं हा त्यांचा प्रश्न. आपण पहाटे उठून त्यांच्या दारात का उभं राहायचं? परभाषेसाठी एक विभाग आहे, त्यात एका देशाने एकच चित्रपट पाठवायचा. भारतासारख्या देशात वीसेक भाषांत सिनेमा होतो, त्यातून एक! मराठीतून 'श्वास' गेला, 'हरिश्चंद्राची फॅक्टरी' गेला, 'कोर्ट' गेला. तिन्ही उत्तम. अंतिम पाचांत एकही नाही. 'श्वास'च्या वेळी लोकांनी पदरचे पैसे काढून दिले होते, कारण तिकडे चित्रपट मतदारांपर्यंत पोचवायलाच पैसा लागतो. मीही तेव्हा पाचशे रुपये दिले होते आणि त्याचं मला अजिबात वाईट वाटत नाही. पण तेव्हाच ठरवलं की ही आपली पायरी नव्हे.

आणि आपल्या घरात काय चाललंय ते तरी बघू. ३ मे २०१८, विज्ञान भवन, ६५वे राष्ट्रीय चित्रपट पुरस्कार. राष्ट्रपती फक्त ११ जणांना पुरस्कार देणार आणि बाकीच्यांना मंत्री देणार, हे विजेत्यांना आदल्या दिवशी कळलं. पन्नासहून जास्त विजेते समारंभाला गेलेच नाहीत. माणूस आयुष्यात एकदा दिल्लीला जातो, आईवडिलांना बरोबर नेतो, राष्ट्रपतींच्या हातून घ्यायचं म्हणून नवीन कोट शिवतो. त्याला आदल्या दिवशी सांगायचं की तुम्ही दुसऱ्या रांगेतले. ते ४५ सेकंदांच्या संगीतापेक्षा मला जास्त लागलं.

---

पहाटपाळी

रोखठोक काका, शेवटच्या परिच्छेदाशी शंभर टक्के सहमत. २०१८चं मलाही आठवतं. पण तुमच्या त्या परिच्छेदातूनच माझा मुद्दा पुढे जातो. तुम्हाला राग आला तो कुठल्या रांगेतल्या माणसांसाठी? संकलक, ध्वनिमुद्रक, लघुपटवाले. ज्यांचं नाव पोस्टरवर सर्वांत खाली, बारीक अक्षरात असतं. दिल्ली असो की लॉस एंजलिस, कात्री पहिल्यांदा त्यांच्यावरच चालते.

आणि आपल्या माणसांना ऑस्कर मिळालं ते बघा कुठे मिळालं. वेशभूषा. ध्वनी. पार्श्वसंगीत. गीत. लघु माहितीपट. मुख्य अभिनेता, दिग्दर्शक, सर्वोत्तम चित्रपट यांत आपण कुठेच नाही. म्हणजे प्रक्षेपणातून हे 'छोटे' विभाग काढले, तर आपल्याला बघायला काही उरतच नाही.

सत्यजित रायांचं उदाहरण तर फार बोलकं आहे. १९९२ साली त्यांना मानद ऑस्कर दिलं. ते कोलकात्यात रुग्णालयात होते, खाटेवर पडून, हातात ऑस्करची ती बाहुली, आणि तिथूनच बोलले. सोहळ्यात ती चित्रफीत दाखवली, जगाने पाहिली. महिन्याभरात ते गेले. २००९पासून मानद पुरस्कार वेगळ्या समारंभात देतात, मुख्य प्रक्षेपणात नाही. आज असा कोणी म्हातारा दिग्दर्शक खाटेवरून बोलला, तर ते आपल्या हॉलपर्यंत तसं येणारच नाही.

म्हणून मी उठते काका. दारात उभं राहायला नव्हे, ती माणसं कशी बोलतात ते बघायला.

---

काठपदर

मी कोल्हापूरची. राज्य नाट्य स्पर्धेच्या नाटकांना वेशभूषा करते, २२ वर्षं झाली. हा धागा वाचून लिहिल्याशिवाय राहवेना.

भानू अथैया आमच्या कोल्हापूरच्या. माहेरच्या राजोपाध्ये. वडील अण्णासाहेब चित्रकार. भानूताई मुंबईत जे. जे.मध्ये शिकल्या, मग सिनेमात गेल्या. 'गांधी'च्या वेशभूषेसाठी १९८३ साली त्यांना ऑस्कर मिळालं, जॉन मोलो यांच्यासोबत विभागून. ऑस्कर मिळवणारी पहिली भारतीय व्यक्ती. कोल्हापूरची बाई! आमच्या लहानपणी आई हे सांगायची तेव्हा तिचा आवाज बदलायचा. आईसुद्धा शिवणकाम करायची, परकर-पोलकी, बाळंतविडे. तिच्यासाठी तो पुरस्कार कात्री-सुईला मिळालेला होता.

लोकांना वाटतं वेशभूषा म्हणजे छान छान कपडे. 'गांधी' पुन्हा बघा. १८९३ला दक्षिण आफ्रिकेत रेल्वेच्या डब्यात बसलेला सूटबुटातला वकील आणि १९४८चा पंचा नेसलेला म्हातारा. मधली सगळी वर्षं त्या माणसाच्या अंगावर दिसली पाहिजेत, आणि ती संवादात सांगता येत नाहीत. शिवाय मागच्या गर्दीतल्या हजारो माणसांचे कपडे. नवी कोरी खादी कॅमेऱ्यासमोर चालत नाही, ती ओरडून सांगते की मी काल दुकानातून आले. मी नाटकासाठी काय करते सांगते. धोतर चहाच्या पाण्यात उकळते, उन्हात वाळवते, मग गुडघ्याच्या आणि बसायच्या जागी खडबडीत दगडाने घासते. काठ एका बाजूनेच विरवायचा, कारण माणूस धोतर एकाच हाताने सावरतो. हे प्रेक्षकाला दिसत नाही. पण केलं नाही तर तिसऱ्या रांगेतल्या माणसालाही काहीतरी खोटं वाटतं.

यंदा वेशभूषेचं ऑस्कर रूथ कार्टर यांना मिळालं, 'ब्लॅक पँथर'च्या दुसऱ्या भागासाठी. दोन ऑस्कर मिळवणाऱ्या त्या पहिल्या कृष्णवर्णीय स्त्री. त्यांची आई नुकतीच गेली होती, तिच्याबद्दल त्या मंचावर बोलल्या. मी एकटीच बघत होते, माझ्याकडे कंपू नाही. आईचा फोटो समोर होता.

भानूताईंनी आपलं ऑस्कर २०१२ साली अकादमीकडे परत पाठवलं, आपल्यामागे ते नीट सांभाळलं जावं म्हणून. आजारी होत्या. २०२०च्या ऑक्टोबरमध्ये गेल्या. ते ऑस्कर आपल्याकडे ठेवायला भरवशाची जागा त्यांना वाटली नाही, ही गोष्ट मला आजही खुपते. 'आम्रपाली'तले, 'लगान'मधले कपडे ज्या हाताने केले, त्या हाताचं काम बघायला कुठे जायचं?

---

नवखा_प्रेक्षक

काठपदर ताई, धोतराचा काठ एका बाजूने विरवायचा हे वाचून अंगावर काटा आला. नाटकं बघताना आता तेच बघणार.

---

ध्वनिवेडा

माझा विषय आला म्हणून लिहितो. मी ध्वनिमुद्रणात काम करतो, जास्त करून माहितीपट.

२००९ला रसूल पूकुट्टींना 'स्लमडॉग मिलियनेअर'साठी ऑस्कर मिळालं. ते पुण्यातल्या फिल्म इन्स्टिट्यूटचे. त्यांनी मंचावर ॐकाराचा उल्लेख केला, त्याच्या आधीच्या आणि नंतरच्या शांततेविषयी बोलले. ध्वनीचं काम करणारा माणूस जगासमोर उभा राहून शांततेबद्दल बोलतो! माझ्या पिढीतल्या कितीतरी मुलांनी त्या दिवसानंतर या कामाकडे वळायचं ठरवलं. ते भाषण प्रक्षेपणाआधीच उरकलं असतं आणि त्याचे दहा सेकंद दाखवले असते तर?

तेव्हा ध्वनीला दोन ऑस्कर होती. एक ध्वनिसंकलनाला, म्हणजे आवाज तयार करणं, गोळा करणं, जागेवर बसवणं. दुसरं मिश्रणाला, म्हणजे संवाद, संगीत, परिणाम हे सगळं एकत्र तोलणं. २०२१पासून दोन्हींचं एकच केलं. बाहेरच्या माणसाला वाटतं त्यात काय, दोन्ही आवाजच. पण भाजी चिरणारा आणि फोडणी देणारा एक नसतो. (पहाटपाळी ताई, तुमच्या पोह्यांमुळे हे सुचलं, राग मानू नका.)

यंदा ध्वनीचं ऑस्कर 'टॉप गन: मॅव्हरिक'ला मिळालं. विमानांच्या गोंगाटासाठी, असं लोक म्हणतील. मला त्यातलं मुखवट्याआडचं श्वास घेणं आठवतं. एवढ्या इंजिनांच्या आवाजात माणसाचा श्वास कानाशी ऐकू येतो, तो कोणीतरी हाताने तोलून ठेवलेला असतो.

आणि एक गोष्ट सांगायचीच आहे. पार्श्वसंगीताचं ऑस्कर 'ऑल क्वाएट ऑन द वेस्टर्न फ्रंट'च्या फोल्कर बेर्टेलमान यांना मिळालं. त्या चित्रपटात तीन स्वरांची एक जड, घुमणारी आरोळी पुन्हा पुन्हा येते. ऐकणाऱ्याला वाटतं इलेक्ट्रॉनिक काहीतरी आहे. ती आहे हार्मोनियम! त्यांच्या पणजीची जुनी पेटी दुरुस्त करून घेतली आणि तिचे स्वर विद्रूप होईपर्यंत मोठे केले. ज्या वाद्यावर आपल्याकडे बालगंधर्वांची पदं, आरत्या, भजनं झाली, त्याच जातीच्या वाद्यातून महायुद्धाची भीती काढली. शक्य असेल तर हेडफोन लावून ऐका. भात्याच्या आत हवा भरतानाची धाप ऐकू येते.

---

पहाटपाळी

ध्वनिवेडा, राग कसला! पणजीच्या पेटीचं मला माहीत नव्हतं. आमच्याकडच्या काकूंनी तो चित्रपट बघताना "हे कोण भोंगा वाजवतंय" म्हणून कान झाकले होते. त्या स्वतः पेटी वाजवतात. आत्ता जाऊन सांगून आले. त्यांनी आपली पेटी उघडली, खालचे तीन स्वर एकत्र दाबले आणि बराच वेळ भाता सोडलाच नाही.

---

गणिताचे_सर

ताई, तुमच्या कंपूत अंदाजाच्या चिठ्ठ्या असतात असं लिहिलंत. सर्वोत्तम चित्रपटासाठी अकादमीची मतदानाची पद्धत वेगळी आहे, पसंतीक्रमाची. ती तुम्ही वापरता का?

---

पहाटपाळी

सर, हो! या वर्षी पहिल्यांदाच केलं आणि त्याच्यावरून इतकं भांडण झालं की सांगायलाच हवं.

बाकीच्या विभागांत साधं आहे, ज्याला जास्त मतं तो जिंकला. सर्वोत्तम चित्रपटाला मात्र २००९च्या चित्रपटांपासून मतदार क्रम लावून देतात. आमच्यापैकी प्रत्येकाने दहाही चित्रपटांचा क्रम लावला. नऊ चिठ्ठ्या. पहिल्या पसंतीची मतं अशी: 'बॅन्शीज ऑफ इनिशेरिन' ४, 'एव्हरीथिंग एव्हरीव्हेअर ऑल ॲट वन्स' ३, 'टॉप गन' २. बाकी सात चित्रपटांना पहिली पसंती कोणीच दिली नाही, ते बाद. निम्म्याहून जास्त म्हणजे पाच हवीत, ती कोणाकडेच नाहीत. मग सर्वांत मागे असलेला 'टॉप गन' काढला आणि त्या दोन चिठ्ठ्यांवरची दुसरी पसंती बघितली. एकीवर 'एव्हरीथिंग'. दुसरीवर 'एल्विस', पण तो आधीच बाद, म्हणून तिसरी पसंती बघितली. तीही 'एव्हरीथिंग'. झाले पाच. चार मतांनी पुढे असलेला 'बॅन्शीज' हरला.

'बॅन्शीज'वाले खवळले. "आम्ही पुढे होतो!" म्हणून एकाने चहाचा कप आपटला. त्यावर निवृत्त बँकवाले मित्र म्हणाले, "तुम्ही चार जणांना तो फार आवडला, पण उरलेल्या पाचांपैकी कोणाच्याही पहिल्या तिघांत तो नाही. आम्ही उघडून बघितलं." खरंच नव्हता. फार थोड्यांना जीव की प्राण वाटणारा चित्रपट या पद्धतीत मागे पडतो आणि पुष्कळांना बऱ्यापैकी आवडणारा पुढे येतो. बरोबर की चूक, त्यावर आमचं अजून एकमत नाही. मला स्वतःला 'बॅन्शीज'च आवडला होता. पण ती मोजणी हाताने केल्यावर 'याला कसं काय मिळालं' हा दरवर्षीचा प्रश्न मी जरा जपून विचारीन.

प्रत्यक्षात 'एव्हरीथिंग'ला सात ऑस्कर मिळाली. पहाटेपासूनचा सर्वांत सुंदर क्षण मला विचाराल तर के हुई क्वानचा. लहानपणी नावेतून निघालेला, निर्वासितांच्या छावणीत राहिलेला मुलगा, १९८४ला 'इंडियाना जोन्स'मध्ये हॅरिसन फोर्डबरोबर दिसला. मोठेपणी कामं मिळेनात म्हणून अभिनय सोडून कॅमेऱ्यामागे गेला. यंदा सहायक अभिनेत्याचा पुरस्कार घेताना तो आईला हाक मारून सांगत होता की मला ऑस्कर मिळालं. आणि शेवटी सर्वोत्तम चित्रपटाचं पाकीट उघडायला नेमके हॅरिसन फोर्ड. मंचावर चढल्यावर क्वानने त्यांना जी मिठी मारली, ती बघून कप आपटणारा मित्रसुद्धा गप्प झाला.

---

रोखठोक_६२

पसंतीक्रमाची मोजणी वाचली. पेटीचं वाचलं. काठपदर ताईंचं तर दोनदा वाचलं, बायकोला वाचून दाखवलं.

माझं मूळ मत बदललेलं नाही. पण एक कबूल करतो. मराठी पुरस्कार सोहळे मी दूरदर्शन संच समोर ठेवून, जेवता जेवता बघतो. ते आधी चित्रित करून मग दाखवतात. संकलन, छायाचित्रण, ध्वनी, वेशभूषा यांचे विजेते एका पट्टीत भराभरा सरकवतात, त्यावर संगीत, आणि लगेच नाच. मी आजवर त्याबद्दल एका शब्दाने तक्रार केलेली नाही. एवढी वर्षं मला ते खटकलंच नाही. दिल्लीत पन्नास जणांचा अपमान झाला म्हणून मी चिडलो आणि इथे घरात दर वर्षी तेच होतंय तर मी भात कालवत होतो.

या वर्षी वाहिनीला पत्र लिहीन. हाताने, पोस्टाने. मजकूर इथे टाकला तर तुम्ही सगळे सही कराल का?

---

काठपदर

पहिली सही माझी.

---

ध्वनिवेडा

माझीही. काका, पत्रात एक वाक्य घाला की पूर्ण भाषणं नाही दाखवली तरी चालेल, पण विजेत्याचं नाव, चित्रपटाचं नाव आणि त्याने केलेल्या कामाचा निदान एक तुकडा दाखवा. संकलकाचं बक्षीस असेल तर त्याने जोडलेला प्रसंग. ध्वनीचं असेल तर दोन मिनिटं त्यावर दुसरं संगीत घालू नका.

---

एडिसननिवासी

इकडून पाच सह्या. मुलगी विचारते आहे, तिची चालेल का? मराठीत करेल.

---

पहाटपाळी

चालेल काय, हवीच!

काका, पत्राचा मसुदा नवीन धाग्यावर टाका म्हणजे शोधायला सोपं.

गुनीत मोंगा यांनी बोलायला न मिळाल्याची खंत नंतर स्वतः बोलून दाखवली. भारतीय निर्मितीला मिळालेलं हे पहिलं ऑस्कर आहे, एवढंच त्यांना सांगायचं होतं. मी ते रविवारी आमच्या कंपूला वाचून दाखवलं. कोणी काही बोललं नाही. मग काकूंनी विचारलं, की ती फिल्म परत लावायची का, त्यांनी अजून पाहिलेली नाही. लावली. नऊच्या नऊ जण बसलो. रघूला आंघोळ घालतानाचा प्रसंग आला तेव्हा काकू पुढे सरकून बसल्या. शेवटची नावं सुरू झाली तेव्हा कोणी दिवा लावला नाही. छायाचित्रण, ध्वनी, संकलन, सगळी नावं वर सरकून जाईपर्यंत तसेच बसून राहिलो.

पुढच्या वर्षीचं ठरलं आहे. कांदे आदल्या रात्री चिरून ठेवायचे. पोहे पाच वाजताच, साडेपाचला गॅस बंद. काठपदर ताई, तुम्ही एकट्या बघता असं लिहिलंत. कोल्हापूर-पुणे रात्रीची गाडी पहाटे पोचते. आमचं घर स्टेशनपासून रिक्षाने वीस मिनिटं. पत्ता निरोपातून पाठवते आहे.